देह आणि विरक्ती (लेखांक ५) : उंबऱ्याबाहेरची भक्ती

तुकोबांची छापील गाथा उघडली की मंगलाचरणाच्या अभंगांपाठोपाठ विराण्या लागतात. या अभंगांत बोलणारी एक बाई आहे. ती कुलवधू नाही. ती परपुरुषाच्या नादी लागली आहे, लोक आपल्याला काय नावे ठेवतात हे तिला पुरते ठाऊक आहे आणि त्याची तिला लाज उरलेली नाही. पहिल्या नवऱ्याकडून मनाची तृप्ती झाली नाही म्हणून आपण दुसरीकडे वळलो, असे ती उघड सांगते. रात्रंदिवस तो जवळ हवा, त्याच्यावाचून क्षणभरही करमत नाही, असेही सांगते. याच गाथेत आणखी दोन अभंग आहेत. त्यांच्यामागची परंपरेने सांगितलेली हकिगत अशी, की तुकोबांना मोहात पाडायला एक स्त्री आली होती. तिला ते आई म्हणून हाक मारतात, परस्त्री आपल्याला रखुमाईच्या ठिकाणी आहे असे सांगतात आणि परत पाठवतात. एकाच माणसाच्या तोंडची ही दोन बोलणी आहेत. एकात कामवासनेला दाराबाहेर ठेवले आहे आणि दुसऱ्यात ती उंबरा ओलांडून, पदर सावरायचेही भान न ठेवता बाहेर पडली आहे. या दोहोंचा मेळ कसा लावायचा, हा आजच्या लेखांकाचा प्रश्न.

याचे एक उत्तर गेल्या शतकभरात इतके रुळले आहे की ते उत्तर आहे हेही आपल्या लक्षात येत नाही. माणूस वासना दडपतो, दडपलेली वासना नाहीशी होत नाही, ती वाट शोधते आणि देवाच्या नावाखाली बाहेर येते, असे ते उत्तर. फ्रॉइडच्या विचाराचे हे सुटसुटीत केलेले रूप सुशिक्षित मराठी बोलण्यात इतके मुरले आहे की संतांच्या शृंगारपर रचनांचा विषय निघाला, की दोन वाक्यांत ते कोणीतरी बोलून दाखवतेच. त्यात तथ्य आहे की नाही हे कोणाही संताच्या मनात शिरून ठरवता येणार नाही. पण हे उत्तर खरे असेल तर त्यातून काही अपेक्षा निघतात आणि त्या आपल्याला ताडून पाहता येतात. जो सर्वांत कडक ब्रह्मचारी, त्याच्या काव्यात शृंगाराची भाषा सर्वांत दाट असायला हवी. ज्याने संसार केला, ज्याला बायकोमुले होती, त्याच्या काव्यात ती विरळ व्हायला हवी.

मराठीत नेमके उलटे दिसते. समर्थ रामदास (१६०८–१६८१) हे आपल्याकडचे ब्रह्मचर्याचे ठळक उदाहरण. भर मांडवातून ते निघून गेले ही कथा शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्यांच्या एवढ्या मोठ्या वाङ्मयात विरहिणीचा सूर शोधूनच काढावा लागतो. ‘करुणाष्टकां’त जिवाची तळमळ आहे, पण ती तळमळ लेकराची आणि सेवकाची आहे. ‘दासबोधा’त देहाचे वर्णन येते ते बहुधा त्याचे नश्वरपण दाखवण्यासाठी. दुसरीकडे पैठणचे एकनाथ (१५३३–१५९९) पाहा. गिरिजाबाईंबरोबर त्यांनी केलेला संसार संतचरित्रांत सुखाचा म्हणूनच वर्णिला आहे, मुलगा हरिपंडित नावाजलेला शास्त्री झाला. आणि गौळणींचा एवढा मोठा, एवढा रसरशीत साठा याच गृहस्थाच्या नावावर आहे. तुकोबांची तर दोन लग्ने झाली. पहिली बायको दुष्काळात गेली, दुसरीपासून मुले झाली. ज्याच्या घरात पाळणा हलत होता, त्याने परपुरुषासाठी घर सोडणाऱ्या बाईचा आवाज काढला, आणि ज्याने आयुष्यभर स्त्रीसंग टाळला तो रामापुढे लेकरू होऊन उभा राहिला. दडपणाच्या सिद्धान्ताला हे पचवता येत नाही.

यावर एक आक्षेप ताबडतोब येईल, आणि तो वजनदार आहे. ज्ञानदेवांचे काय? त्यांनी संसार केला नाही, आणि विराण्या तर त्यांच्याच. विसाव्या शतकात त्या गाण्यांतून घराघरांत पोचल्या. मग ब्रह्मचर्य आणि विरह यांची सांगड इथे तरी पक्की नाही का? या आक्षेपाला काही अभ्यासकांनी परस्पर उत्तर देऊन टाकले होते. ‘भारद्वाज’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या शि. ए. भारदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले, की ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार हे दोन वेगळे ज्ञानदेव होत. ती वाट मी घेत नाही, कारण अडचणीचे पुरावे दुसऱ्याच्या नावावर चढवून प्रश्न सुटत नाही. विराण्या ज्ञानदेवांच्याच आहेत असे धरू आणि त्या जवळून पाहू.

त्यांतल्या एका विराणीत बाई अंगणात उभी आहे आणि पलीकडे कावळा ओरडतो आहे. कावळा ओरडला की पाहुणा येतो, हा शकुन. ती कावळ्याला सांगते, माझा पंढरीचा पाहुणा येणार असेल तर तुझे पाय सोन्याने मढवीन, दहीभाताची उंडी तुझ्या तोंडी लावीन. दुसऱ्या एका विराणीत सगळ्या शीतल वस्तू उलटल्या आहेत. चांदणे पोळते, चंदनाचा लेप भाजतो, फुलांच्या शेजेवर अंग होरपळते. तिथेच शेवटी आरशाचा उल्लेख येतो. आरशात पाहिले तर स्वतःचे रूपच दिसेनासे झाले आहे. या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन ज्ञानदेवांनी शोधलेल्या नाहीत. चांदण्याने पोळणारी विरहिणी संस्कृत-प्राकृत काव्यात शेकडो वर्षे पोळत आली होती. कावळ्याच्या शकुनाचेही तसेच. बाराव्या शतकात गुजरातेत, पाटणच्या सिद्धराज जयसिंहाच्या दरबारात मान असलेल्या हेमचंद्राने व्याकरण लिहिले, आणि अपभ्रंश भाषेचे नियम दाखवताना त्याने लोकांच्या तोंडचे दोहे उदाहरणादाखल दिले. त्यांतल्या एकात बाई कावळ्याला हाकलते आहे. विरहाने वाळलेल्या हातातून निम्म्या बांगड्या गळून पडतात, इतक्यात प्रियकर दिसतो आणि आनंदाने हात असा फुगतो की उरलेल्या बांगड्या तडतड फुटतात. हे दोहे जपून ठेवणारा हेमचंद्र कोण होता? जैन आचार्य, बालपणीच दीक्षा घेतलेला, स्त्रीचा स्पर्शही वर्ज्य असलेला मुनी. त्या दोह्यांत त्याची दडपलेली वासना वाचणे कोणाच्या मनातही येणार नाही, कारण त्याच्यापुढे भाषा होती आणि तिचे नियम होते. विरहिणीची बोली ही अशी शतकानुशतके घडलेली, शिकता येणारी, वारशाने मिळणारी बोली होती. ज्ञानदेवांनी ती हाती घेतली, आणि त्यांची स्वतःची भर त्या आरशात आहे. विरह इतका टोकाला गेला की जिला विरह होतो तीच उरली नाही. हे दरबारी शृंगारकाव्यात नव्हते.

भाषा शिकलेली होती एवढ्याने प्रश्न मिटत नाही, हे मला मान्य आहे. शिकता येण्यासारख्या भाषा इतर होत्या. विल्यम जेम्सने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, धर्म म्हणजे विकृत झालेली कामवासना या मताला उत्तर देताना एक साधी गोष्ट दाखवली होती. भक्त लोक भूक, तहान, अन्न, श्वास यांचीही भाषा वापरतात, मग धर्म पचनेंद्रियांतून उपजला असे का म्हणू नये? आपल्याकडे तर हे आणखी ठळक आहे. विठ्ठल प्रियकर जितका आहे त्याच्या कितीतरी पट माउली आहे. वारकऱ्यांच्या तोंडी पान्हा, कासवीची नजर, पिलाला भरवणारी पक्षीण, हे शृंगारापेक्षा अधिक वेळा येते. म्हणजे संतांपुढे नाती मांडून ठेवलेली होती, आई-लेकरू, धनी-चाकर, सखा-सखा, आणि त्यांतून ते प्रसंगानुसार निवडत होते. मग खरा प्रश्न असा, की घरापासून दूर जाणाऱ्या बाईचे नाते कशासाठी निवडले? आईच्या मायेने जे सांगता येत नव्हते असे कोणते सांगायचे होते?

माझे उत्तर असे आहे. लेकरू आईकडे गेले तर जगाला त्यात वावगे काही दिसत नाही. चाकर धन्याच्या दाराशी बसला तर त्याची अब्रू वाढते. एकच नाते असे आहे की त्यात शिरताना घर, गोत, नाव, लाज सगळे मागे टाकावे लागते आणि परतीची वाट बंद होते. ते म्हणजे परपुरुषाच्या ओढीने उंबरा ओलांडणाऱ्या स्त्रीचे. देवाकडे जाणे म्हणजे चांगल्या घराण्याच्या चांगल्या वळणाला आणखी थोडे सोवळे चढवणे नव्हे, त्यात माणूस समाजाच्या हिशेबातून उठतो, हे सांगायला मध्ययुगीन महाराष्ट्रात याहून नेमकी प्रतिमा नव्हती. आणि ब्रह्मचर्याशी तिचे नाते इथे लागते. ब्रह्मचारी आणि जारिणी दोघेही विवाहाच्या चौकटीबाहेर उभे आहेत, एक वर उचललेला आणि एक खाली ढकललेली. कुळ चालवणे, पिंड देणे, नाव राखणे, या व्यवस्थेला दोघेही उपयोगाचे नाहीत. म्हणून गृहस्थ तुकारामाला आतून आपण कोणाचेच उरलो नाही असे वाटते तेव्हा त्याला तिचा आवाज हवासा होतो. ज्ञानदेवांना तर तो जन्मानेच जवळचा. संन्याशाची मुले म्हणून आळंदीने या भावंडांना वाळीत टाकले होते. घराबाहेर असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही काव्यशास्त्राकडून शिकायचे नव्हते.

या उत्तराची परीक्षा महानुभावांपाशी होते. चक्रधरांचा हा पंथ संन्यस्त. आचार इतका कडक की चित्रातली स्त्रीही पाहू नये. त्याच वेळी देहाविषयी त्यांची दृष्टी किती निर्मळ होती हे ‘लीळाचरित्रा’तल्या विटाळाच्या प्रसंगात दिसते. शरीराच्या इतर द्वारांतून मळ वाहतो तसाच तोही, त्यात वेगळे पातक नाही, असे चक्रधर सांगतात. या पंथाने कृष्णकथेतून काय निवडले? राधा नव्हे, रुक्मिणी. पंथाची ज्येष्ठ कवयित्री महदाइसा हिने ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेत धवळे म्हटले, आणि ते धवळे रुक्मिणीच्या लग्नाचे. नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. लहानपणी वैधव्य आलेली, संसाराचा त्याग केलेली महदाइसा लग्नगीते म्हणते आहे, हे दडपणाच्या सिद्धान्ताला आयते खाद्य वाटेल. मला मात्र वेगळे दिसते. ज्यांनी खरोखरच घर सोडले होते त्यांना घर सोडण्याची प्रतिमा लागत नव्हती. त्यांच्या काव्यात लग्न लागते. आणि ज्यांचा पाय संसारात रोवलेला होता त्या वारकऱ्यांच्या काव्यात बाई घर सोडते. प्रतिमा जगण्याची नक्कल करत नाही, जगण्यात जे नाही ते ती पुरवते, असे इथे तरी दिसते. एक हरकत मीच नोंदवतो. एकनाथांनीही ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले आणि त्यांच्या गौळणीही आहेत, तेव्हा ही विभागणी कात्रीने कापावी तशी सरळ नाही. शिवाय रुक्मिणीही भावाच्या मनाविरुद्ध, स्वतः पत्र धाडून निघालेली मुलगी आहे. पण तिची वाट शेवटी पट्टराणीपदाला पोचते, गौळणीची पोचत नाही, आणि हा फरक मोठा आहे.

महानुभावांच्याच घरात शृंगारावरून एक खटका उडाला होता, तोही इथे सांगायला हवा, कारण संन्याशांना या भाषेची जोखीम किती नीट कळत होती हे त्यातून दिसते. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ लिहिले. पंथातल्या जाणत्याने ते ऐकून सांगितले की काव्य उत्तम उतरले आहे, पण ते प्रवृत्तीतल्या लोकांच्या उपयोगाचे, निवृत्तांच्या नव्हे. भास्करभट्टांनी राग धरला नाही, ते पुढे ‘उद्धवगीते’कडे वळले. शृंगार वाईट म्हणून जाळून टाका असे कोणी म्हटले नाही, आणि हा सगळा शृंगार म्हणजे जीव-शिवाचे रूपक, त्यात देह नाहीच, अशी सारवासारवही कोणी केली नाही. हे दुसरे उत्तर नंतरच्या टीकाकारांचे. गौळण आली की ते घाईघाईने तिच्यातला देह पुसून टाकतात. मडके म्हणजे देहबुद्धी, गोरस म्हणजे वासना, खोडी काढणारा कृष्ण म्हणजे परमात्मा. असे कोष्टक मांडले की वाचकाला काही धोका उरत नाही, पण काव्यालाही काही उरत नाही. दडपणवादी देव वजा करतात, कोष्टकवादी देह वजा करतात. दोघांनाही चांदण्याने पोळलेल्या अंगाचे काय करावे ते कळत नाही. ज्या गौळणी कीर्तनात म्हटल्या जात होत्या, त्याच परंपरेतली गौळण तमाशाच्या फडात गणानंतर उभी राहिली. एकच भाषा दोन्हीकडे चालत होती आणि ऐकणाऱ्यांना ती दोन्हीकडे समजत होती.

आतापर्यंत मी पुरुषांविषयी जास्त बोललो. पुरुष बाईचा आवाज काढतो तेव्हा अभंग संपला की तो आपल्या आवाजात परत येऊ शकतो. तुकोबांना लोकांनी छळले, पण जारिणी म्हणून छळले नाही. स्त्री हीच भाषा बोलते तेव्हा तिची किंमत किती असते, हे जनाबाईच्या एका अभंगात कळते. डोईचा पदर खांद्यावर आला आहे, हातात टाळ आणि खांद्यावर वीणा आहे, आणि ती भर बाजारातून निघाली आहे. स्वतःला ती देवाच्या दारची वेश्या म्हणवून घेते. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या दासीने हे म्हटले आहे. पदर कुठे असावा हे ठरवणारा नवरा तिला नव्हता आणि राखायला कुळाची अब्रूही नव्हती. म्हणूनच कदाचित हे तिला म्हणता आले. याच्या दुसऱ्या टोकाला शिऊरची बहिणाबाई (१६२८–१७००). ती तुकोबांची शिष्या, त्यांचे अभंग तिने मनोमन आपले केलेले. पण ती ब्राह्मणाची लग्नाची बायको. तिच्या भक्तीपायी नवऱ्याने तिला मारझोड केली, हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. तिच्या आत्मचरित्रपर अभंगांत गुरूच्या विराण्यांतला तो बेडर आवाज नाही. उलट पतिव्रतेचा धर्म आणि विठ्ठलाची ओढ यांची सांगड घालताना तिची होणारी दमछाक पानोपानी दिसते. जी प्रतिमा तुकोबांना सहज उचलता आली ती त्यांच्या शिष्येला हातही लावता आली नाही, कारण तिच्या घरात ती प्रतिमा राहिली नसती, तो आरोप झाला असता.

आणि कान्होपात्रा. मंगळवेढ्याच्या गणिकेची ती मुलगी. रूपाची कीर्ती बिदरच्या बादशहापर्यंत गेली, बोलावणे आले, आणि पंढरपूरच्या देवळात तिने देह ठेवला, अशी तिची कथा. देवळातले तरटीचे झाड तिच्या नावाने ओळखतात. वासनेची भाषा जिच्या घरातली, जिच्या धंद्याची, तिने ती भाषा देवापाशी वापरायला हरकत नव्हती. दडपणाच्या सिद्धान्ताला उलटे करून म्हणायचे तर तिच्यापाशी ती सर्वांत मोकळी असायला हवी होती. तिचे जे मोजके अभंग आपल्यापर्यंत आले आहेत त्यांत विठ्ठल प्रियकर नाही. तो आई आहे. ती वाघाच्या तोंडी सापडलेल्या हरिणीच्या पाडसासारखी ओरडते आणि मला जवळ घे म्हणते. विवाहाच्या चौकटीबाहेर असणे तुकोबांना मुक्तीची खूण वाटले, ज्ञानदेवांना आपल्या वाट्याला आलेले सत्य वाटले. कान्होपात्रा त्या चौकटीबाहेरच जन्मली होती आणि बाहेर काय असते ते तिला माहीत होते. तिला निवारा हवा होता. तिने आयुष्यभर कोणाची होण्याचे नाकारले, तेव्हा ब्रह्मचर्य हा शब्द तिला लावायचा झाला तर त्याचा अर्थ इंद्रियनिग्रह एवढाच घेऊन चालणार नाही. आपला देह कोणाच्या हुकमावर जाणार नाही, असा तो अर्थ आहे, आणि पुरुषांच्या व्रतांच्या यादीत तो सापडत नाही.

पुढच्या लेखांकात रामदासी परंपरेतल्या वेणाबाईकडे वळू. बालपणी विधवा झालेली, मिरजेचा मठ सांभाळणारी, उभ्याने कीर्तन करायची मोकळीक गुरूकडून मिळालेली आणि ‘सीतास्वयंवर’ लिहिणारी ही स्त्री, महदाइसेनंतर चार शतकांनी पुन्हा एकदा लग्नाचेच काव्य का रचते, हे तिथे पाहायचे आहे.